कोंडातली पहिली जुडी

लीलावतीने कालवांची टोपली उंबऱ्यावर आपटली, तेव्हाच प्रणाली समजली की आज काहीतरी बिनसलंय. एरवी खाडीकाठच्या खडकांवरून, खडपावरून, परतलेली सासू आधी नळाखाली पाय धुवायची, मग चहा मागायची आणि चहा पोटात गेल्यावरच गावाला नावं ठेवायला घ्यायची. आज तिने हा सगळा क्रम मोडला होता.

"ह्या बघ," ती म्हणाली. "तुझा ह्या झाड माझ्या कालवांर इला."

टोपलीत जेमतेम ओंजळभर कालवं होती. त्यातलं सगळ्यात मोठं लीलावतीने उचलून सुनेच्या हातात दिलं. शिंपल्याच्या पाठीवर बोटभर लांबीचा, तपकिरी-तांबूस, मांसल फुटवा आला होता. असा फुटवा प्रणालीने झोपेतही ओळखला असता. गेली नऊ वर्षं ती तेच समुद्रशैवाल बांबूच्या तराफ्यांवर वाढवत होती.

"तराफ्यावरचो तुकडो तुटान इलो असतलो, आये."

"तुटान इलेलो ओढल्यार सुटता. ह्यो सुटना नाय. ओढून बघ तू."

प्रणालीने ओढलं. फांदी मोडून हातात आली, पण तळाशी एक गोल टिकली शिंपल्याला घट्ट चिकटूनच राहिली. तिने नखाने खरवडली, तरी ती हलली नाही. वाहून आलेला तुकडा अडकतो, गुंततो. असा बूड रोवून बसत नाही. प्रणालीने फांदी आणि शिंपला दोन्ही डब्यात ठेवले आणि संशोधन केंद्रातल्या डॉक्टर परचुरेंना फोटो पाठवला.

"खालच्या खडपार सगळीकडे असाच असा," लीलावती आता पाय धुता धुता सांगत होती. "गेल्या थंडीत कुठे कुठे दिसला होता, मी म्हटलंय जायत. आता कालवां तोंड उघडूक बघतत तर वर ह्या बसलेला. अर्धी मेली. उरलेली पुढच्या वर्साक दिसतीत काय, देव जाणे."

ती चिडून बोलत होती, पण प्रणालीला त्या आवाजातली भीती ऐकू आली. लीलावती सदुसष्ट वर्षांची होती. लग्न होऊन खाजणतडला आली त्या वर्षापासून ती त्याच खडपावर, त्याच छोट्या कोयतीने कालवं काढत होती. मुलगा कारवारला बोटींच्या कारखान्यात होता, सून तराफ्यांवर. घरात तिचं म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे खाडीच्या तोंडाशी पसरलेलं ते काळं खडप.

*

समुद्रशैवालाला मुळं नसतात. ते सगळ्या अंगाने पाण्यातून अन्न घेतं, म्हणून पाणी जसं असेल तसं त्याचं आयुष्य. पंचवीस ते अठ्ठावीस अंशांत ते असं फोफावतं की मूठभर तुकडा दीड महिन्यात दोन हातांत मावत नाही. तिसाला सुस्तावतं. एकतीस-बत्तीसच्या वर गेलं की फांद्या पांढऱ्या पडतात आणि विरघळून दोरीवरून गळतात. दोन हजार चौतीस सालच्या ऑक्टोबरमध्ये खाजणतडच्या बायकांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. समुद्र तापला आणि आठ दिवसांत सगळ्या दोऱ्या रिकाम्या झाल्या.

त्यानंतर किनारा संशोधन केंद्राचे डॉक्टर अन्वय परचुरे एका बर्फाच्या पेटीतून नवी जात घेऊन आले. तिला नाव होतं, पण ते उच्चारायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. सगळ्या तिला 'तेरा नंबर' म्हणू लागल्या. तेरा नंबर तेहतीस अंशांतही हिरमुसत नसे. शिवाय तिचा आणखी एक गुण होता, आणि सरकारने परवानगी दिली ती त्या गुणावरच. ती बीजाणू धरत नव्हती. तुकडा कापा, दोरीला बांधा, वाढवा, पुन्हा कापा; माणसाच्या हाताशिवाय तिचा वंश पुढे जाणार नव्हता. केंद्राने तेहतीस अंशांपर्यंत तिची परीक्षा घेतली होती. तेहतीसच का, तर प्रणालीच्या वहीत त्याच्या वरचा आकडा कधी आलाच नव्हता.

या वहीचा प्रणालीला फार अभिमान होता. जुन्या जातीच्या दिवसांपासून रोज सकाळी सात वाजता, तराफ्याशी, हातभर खोल तापमापक सोडून ती आकडा लिहायची. ताप आला तरी, भावाच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. बारावी नापास बाईची वही केंद्रातल्या मोठमोठ्या लोकांनी वाचली, तिच्यावरून प्रयोगाच्या मर्यादा ठरवल्या, हे तिने दहा जणींना तरी ऐकवलं असेल. ऐकवावं असंच होतं ते.

दुसरा नियम तुकड्यांचा होता. तराफ्याबाहेर एक तुकडाही जाता कामा नये. कापलेली प्रत्येक दोरी किनाऱ्यावर आणायची, काट्यावर तोलायची आणि वजन लिहायचं. प्रणालीच्या गटात हे अगदी काटेकोर चाले.

अडचण झाली होती ती घरात. तेरा नंबरच्या पहिल्या वर्षी तराफे पाण्यात उतरले आणि सासू-सुनेमधून विस्तव जाईना. गावात जाळ्यात पडलेला हंगामातला पहिला मासा जिवंत नेऊन महापुरुषाच्या कोंडात सोडायची रीत होती. महापुरुष म्हणजे खडपाच्या टोकावरचा शेंदूर लावलेला धोंडा आणि कोंड म्हणजे त्याच्या पायाशी असलेलं, भरतीला भरणारं आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, समुद्रापासून तुटणारं खोलगट डबकं. "दर्यातला काढतास आणि देवाक दाखवणास नाय," असं म्हणत लीलावतीने दोन महिने सुनेच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. शेवटी प्रणालीनेच वाट काढली. प्रत्येक कापणीची पहिली जुडी महापुरुषाच्या कोंडात सोडायची. आणि ती काट्यावर चढवायची नाही, कारण देवाचं मोजायचं नसतं. काट्यावर चढलं नाही म्हणून ते वहीतही आलं नाही.

त्या दिवसापासून ताटात हळदकुंकू घेऊन ती जुडी लीलावती स्वतः नेऊ लागली. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. सुनेच्या तराफ्यांचं कौतुक ती परक्यांपुढे करायला लागली, सुनेच्या तोंडावर मात्र अजून नाही.

*

परचुरे दुसऱ्याच दिवशी सकाळी आले. बोलघेवडा, प्रत्येक घरी चहा घेणारा हा माणूस त्या दिवशी अंगणात उभ्या उभ्याच डबा उघडून पाहू लागला. भिंगातून त्यांनी ती टिकली बराच वेळ पाहिली.

"हे वाहून आलेलं नाही, प्रणालीताई. हे इथंच उगवलंय. बीजाणूपासून."

"पण तेरा नंबर बीजाणू धरणा नाय. तुमीच सांगितलास."

"तेहतीसपर्यंत धरत नाही." त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. "दोन महिन्यांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतल्या एका टाकीचं यंत्र बिघडलं. पाणी पस्तिसावर गेलं आणि चार दिवस तसंच राहिलं. मेलं असेल म्हणून मुलांनी टाकी उघडली, तर फांद्यांच्या टोकांवर मोहरीएवढे फोड. प्रत्येक फोडात हजारो बीजाणू. तुमच्याकडे कलम मरायला टेकलं की शेवटचा मोहर कसा भरभरून येतो?"

"येता." प्रणालीच्या माहेरच्या हापूसने मरायच्या वर्षी असंच केलं होतं. फांद्या मोडतील इतका मोहर आला होता.

"तसंच. पण हे बीजाणू गरम पाण्यात वाढत नाहीत. खडकावर, शिंपल्यावर, जाळ्यावर नुसते ठिपक्यासारखे बसून राहतात. डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. पाणी अठ्ठाविसाच्या खाली उतरलं की ते बूड रोवतात आणि फुटतात. उष्म्यात जन्मायचं आणि थंडीत रुजायचं. एकदा रुजले की खरवडून निघत नाहीत. तुमच्या सासूबाईंच्या खडपावर गेल्या थंडीत रुजले ते थोडे होते."

"आणि औंदा?"

परचुरेंनी पाण्याचा आजचा आकडा विचारला. त्या वर्षीचा, त्रेचाळीस सालचा ऑक्टोबर लोकांच्या स्मरणातला सगळ्यात वाईट होता. उष्म्याने मासे खोल गेले होते, माणसं देवाकडे थंडी मागत होती. आता नोव्हेंबर संपत आला होता आणि त्या सकाळचा आकडा होता एकोणतीस पूर्णांक एक.

"मला फक्त एक कळत नाही," ते म्हणाले. "फोड यायला चौतीसच्या वर पाणी लागतं, चार-पाच दिवस, रोज काही तास तरी. तुमच्या वहीत असा एकही दिवस नाही."

"वहीत खोटा काय नाय, डॉक्टर."

"माहीत आहे. म्हणून तर घाबरलोय. उगम सापडला आणि तो एकाच जागी असला, तर पाणी उतरायच्या आत उपटून काढता येईल. गोड्या पाण्यात हे तासाभरात मरतं. फुटायच्या आधीचे ठिपकेसुद्धा मरतात. पण जागा कळली पाहिजे."

ते तराफे तपासायला होडीतून निघाले. सोबत जायचं सोडून प्रणाली काठावरच उभी राहिली. तिच्या मनात एक जागा येऊन गेली होती, आणि ती खोटी ठरावी म्हणून ती त्या क्षणी काहीही द्यायला तयार होती.

*

दुपारी दोनला सुकती पूर्ण झाली होती. खडपावर पाय ठेववत नव्हता, चपलेतूनही चटका बसत होता. प्रणाली महापुरुषाच्या धोंड्यापाशी आली आणि पदराने घाम पुसत खाली वाकली.

कोंड भरलेला होता, पण पाण्याने नव्हे. काठापासून काठापर्यंत तेरा नंबर माजलं होतं. नऊ वर्षांच्या पहिल्या जुड्या एकमेकींत वाढत गेल्या होत्या. तिने कितीतरी वेळा लांबून हे पाहिलं होतं आणि देव पावला असं समजून हात जोडले होते. आज तिने तापमापकाची दोरी सोडली.

पारा सरळ चढत गेला आणि छत्तीस पूर्णांक दोनवर थांबला.

तिने दोरी वर घेतली, तापमापक झटकला, पुन्हा सोडला. छत्तीस पूर्णांक तीन.

भरतीला समुद्र या कोंडात येतो, सुकतीला तोडून जातो आणि मग दिवसभर काळा कातळ त्या पाण्याला तापवत बसतो. सकाळी सात वाजता, तराफ्याशी, हातभर खोल. इतकी वर्षं तिने समुद्राचा ताप मोजला होता, आणि तोही त्याला सगळ्यात कमी ताप असताना. वहीतला एकही आकडा खोटा नव्हता, आणि सगळ्या वहीने मिळून केंद्राला फसवलं होतं.

तिने एक फांदी खुडली. टोकावर मोहरीएवढे फोड होते. काही भरलेले, बरेचसे फुटून गेलेले.

प्रणाली तिथेच बसली. कोंडात बघता बघता तिला रडू फुटलं. डॉक्टरांना सांगायचं म्हणजे वहीची अब्रू गेली. पण ते परवडलं असतं. सासूला काय सांगायचं? 'आये, तुमच्या खडपावर हे तुम्हीच पेरलंत, ताटात हळदकुंकू घेऊन, मी सांगितलं म्हणून'? ज्या एका गोष्टीने त्या घरात दोघींचं जमलं होतं, तीच गोष्ट म्हातारीचं खडप खात होती.

तरी तिने सांगितलं, आधी डॉक्टरांना, मग सासूला. संध्याकाळचा दिवा लावून लीलावती ओट्यावर बसली होती, तेव्हा काहीही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं. लीलावतीने दिव्याची वात सारखी केली. मग तिने एवढंच विचारलं.

"देवाक दिलेला परत काढूचा लागतला?"

"होय, आये. सगळा. बुडासकट."

लीलावती उठून आत गेली. प्रणालीला वाटलं, झालं, आता नऊ वर्षं मागे गेलो. पण ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कोयती होती आणि ती धार लावायचा दगड शोधत होती.

"महापुरुषाक काय सांगूचा ता मी सांगतंय," ती म्हणाली. "उद्या सुकतीक तू गोडा पाणी आण."

*

कोंड रिकामा करायला दोन दिवसांच्या दोन सुकत्या लागल्या. पहिल्या दिवशी लीलावतीने धोंड्याला नारळ ठेवला, पुटपुटत काहीतरी सांगितलं आणि गुडघाभर पाण्यात सगळ्यांच्या आधी उतरली. गटातल्या बायका वरून पोती धरत होत्या. पाण्याचा टँकर रस्त्यावर उभा होता आणि तिथून नळी खडपापर्यंत ओढली होती. परचुरेंनी पँट दुमडून स्वतः पोती वाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोंड ओका झाला. खाली नितळ दगड दिसू लागले. गोडं पाणी भरून तासभर ठेवलं, उपसलं, पुन्हा भरलं. खालच्या खडपावरही नळी फिरवली. परचुरेंच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा रंग आला.

"तुमच्या सासूबाईंचे आभार कसे मानू?" ते म्हणाले. "थोडे ठिपके राहिले असतील, थोडे रुजतील. पण एवढं हाताने आवरता येईल. एकच कोंड होता, हे नशीब."

प्रणाली नळी गुंडाळत होती. तिचे हात थांबले.

"बाकीच्या गावांत असलं काही नाही ना?" त्यांनी सहज विचारलं. "तिथल्या गटांना शिकवायला तुम्हीच गेला होतात ना सगळीकडे?"

सगळीकडे. बावीस गावं. प्रत्येक गावात तराफा कसा बांधायचा, तुकडा केवढा कापायचा, वही कशी ठेवायची, हे तिने हाताला धरून शिकवलं होतं. आणि प्रत्येक गावात कोपऱ्यात एक लीलावती बसलेली असायची, तोंड वाकडं करून. मधल्या सुट्टीत बायका प्रणालीला बाजूला घेऊन विचारायच्या, तुमच्याकडे सासूने कसं ऐकलं? आणि ती हसत हसत सांगायची. पहिली जुडी तुमच्या देवाला द्या. आणि एक लक्षात ठेवा, ती मोजायची नाही.

तिने ते परचुरेंना सांगितलं. तिला वाटलं होतं ते रागावतील. त्यांनी खिशातून फोन काढला. लांब लीलावती दोन बायकांशी हसत बोलत होती. तीन दिवसांत तीही पहिल्यांदाच हसली होती.

"किती गावांत खडप आहे?" त्यांनी विचारलं. "असे कोंड?"

"सगळ्यांत असा. देव खडपारच बसता."

परचुरेंच्या गाडीत बसून तिने संध्याकाळपर्यंत बावीस ठिकाणी फोन लावले. तीन गावांनी लगेच हो म्हटलं. पाच गावांत जत्रा तोंडावर होती, ती झाल्याशिवाय देवाच्या जागेला कोणी हात लावणार नव्हतं. एका गावातली प्रमुख, तिच्याच हाताखाली शिकलेली, ऐकून म्हणाली, "प्रणाली, बरी असस मां? देवाच्या कोंडातला काढूचा?" आणि तिने फोन ठेवून दिला. विसाव्या गावातली बाई मात्र फार प्रेमाने बोलली. तुझ्या सांगण्याने आमचं भलं झालं म्हणाली. कोंडात ते इतकं वाढलं की देव पावला असं सगळ्यांना वाटलं, म्हणून यंदा शेजारच्या चार कोंडांतही सोडलंय.

परचुरे फोनवरचं सगळं ऐकत होते. त्यांनी केंद्राला कळवलं होतं, केंद्राने वर कळवलं होतं, वर बैठक पुढच्या आठवड्यात होती.

"पाणी कधी उतरेल?" प्रणालीने विचारलं.

"अजून दहा दिवस मिळाले तर काहीतरी करता येईल," ते म्हणाले. खिडकीची काच खाली होती. ती त्यांनी सवयीने वर केली आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की ती का वर केली. जमिनीकडून वारा सुटला होता आणि त्याला गारवा होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणाली होडीत बसली तेव्हा खाडीवर धुकं होतं. काठावरची माणसं कानटोप्या घालून बाहेर पडली होती आणि ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सांगत होती की सुटलो एकदाचे. शाळेच्या कुंपणाशी कोणीतरी पाचोळा पेटवून शेकत होतं.

सात वाजता, तराफ्याशी, हातभर खोल तिने तापमापक सोडला. सत्तावीस पूर्णांक आठ. तिने आकडा वहीत लिहिला, नेहमीसारखा सरळ अक्षरात.

लीलावती काठावर टोपली कमरेला लावून उभी होती. इतक्या वर्षांत सून वहीत काय लिहिते हे तिने कधी विचारलं नव्हतं. कोंडाच्या त्या दोन दिवसांनंतर आपणही त्या कामातल्या आहोत असं तिला वाटू लागलं असावं.

"किती झाला गो?" तिने ओरडून विचारलं.

"सत्तावीस आठ, आये."

"म्हणजे थंडी पडली. आता कालवां भरतली." म्हातारीने पदर डोक्यावरून घेतला. तिचा चेहरा उजळला होता. "बरा झाला मां?"

प्रणालीने खडपाकडे पाहिलं. त्यापलीकडे धुक्यात किनारा वळत वळत गेला होता, एकामागून एक खडपं, प्रत्येकाच्या टोकावर एकेक देव.

"होय, आये," ती म्हणाली. "बरा झाला."

लीलावती समाधानाने मान हलवून खालच्या खडपाकडे निघाली. प्रणाली वही मिटून घेऊन तिच्याकडे पाहत राहिली. वहीत तिने आजवर एकही खोटा आकडा लिहिला नव्हता.